एचडी क्लिप फोरकेत नेल्यावर चेहरे मेणाचे का होतात? अपस्केल ग्रेडिंगच्या आधी, नंतर की मधेच

"नवरदेव मेणना पुतया मायक दिखी ऱ्हायना, भाऊ." म्हणजे नवरदेव मेणाच्या पुतळ्यासारखा दिसतोय. ही तक्रार जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या मिक्सिंगवाल्यांना, म्हणजे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांना, नवी नाही. कॅमेऱ्यातली मूळ क्लिप ठीक असते, ग्रेडिंगही (रंग-उजेड बसवणं) फार ओढाताण न करता केलेलं असतं. तरी फायनल फोरके फाइल मोठ्या टीव्हीवर लावली की गाल गुळगुळीत, दाढीचे केस एकमेकांत चिकटलेले, शालूची जर लुकलुकणारी आणि मागच्या केळीच्या बागेतली पानं जागच्या जागी वळवळणारी. मग कोणी कॅमेऱ्याला नावं ठेवतं, कोणी एलयूटीला (रंगाच्या तयार फाइलला), तर कोणी लगेच नव्या ग्राफिक कार्डाचा विषय काढतं.

बहुतेक वेळा यातल्या कशाचाच दोष नसतो. अपस्केल, म्हणजे क्लिप मोठ्या रिझोल्यूशनला नेणं, चुकीच्या टप्प्यावर झालेलं असतं. "अपस्केल आधी की ग्रेड आधी" असा थेट प्रश्न विचारला तर त्याला एक उत्तर देता येत नाही, कारण ग्रेडिंग म्हणून आपण दोन वेगळी कामं एकाच दमात करतो. लॉग (कॅमेऱ्याने मुद्दाम फिकं ठेवलेलं रेकॉर्डिंग) सरळ करणं, एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स जागेवर आणणं, नॉइज काढणं ही झाली दुरुस्ती. कॉन्ट्रास्ट किती तगडा, सावल्या निळ्या की हिरव्या, ग्रेन (फिल्मसारखा दाणा), ग्लो हा झाला आवडीचा भाग. अपस्केल दुरुस्तीनंतर आणि आवडीच्या आधी बसतं. अख्खं काम एकाच रिझोल्यूशनचं असेल तर मात्र ते सरळ शेवटाला ढकलायचं. कुठे काय करायचं आणि का, ते पुढे सांगतो. उदाहरणं डाविंची रिझॉल्व्हची आहेत, कारण इकडे ग्रेडिंग बहुतेक त्यातच होतं.

आधी दोष कुठे शिरला ते शोधा

रेंडर झालेली फाइल बघून निदान करू नका. मूळ एचडी क्लिप आणि अपस्केल केलेली क्लिप टाइमलाइनवर एकावर एक ठेवा, दोन्हींचे नोड (ग्रेडच्या पायऱ्या) बंद करा आणि व्ह्यूअर १०० टक्क्यांवर आणा. "फिट"वर ठेवलेल्या व्ह्यूअरमध्ये हा आजार लपतो. शिवाय क्लिप चालवून बघा. थांबवलेल्या फ्रेमवर एआय अपस्केल जवळपास नेहमीच सुंदर दिसतं. जाहिरातीतसुद्धा थांबवलेलीच फ्रेम दाखवतात, ते उगाच नाही.

नोड बंद असताना चेहरा मेणाचा दिसत असेल तर गडबड अपस्केलमध्ये किंवा त्याला दिलेल्या मालात आहे. नोड बंद असताना चेहरा ठीक आणि चालू केल्यावर बिघडत असेल तर ग्रेड त्या क्लिपला झेपत नाही. आणि नोड बंद असतानाच रंग किंवा काळेपणा वेगळा दिसत असेल तर तो तिसराच आजार आहे, लेव्हलचा आणि मॅट्रिक्सचा. त्याच्याकडे नंतर येऊ.

मेणाचा चेहरा

आकडा एकदा समोर ठेवू. फुल एचडी फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८० म्हणजे साधारण २१ लाख पिक्सेल असतात, यूएचडी फोरकेत ३८४० गुणिले २१६० म्हणजे साधारण ८३ लाख. म्हणजे चारपैकी तीन पिक्सेल सॉफ्टवेअरने मनाने भरायचे. रंगाची अवस्था याहून बिकट. ४:२:० मध्ये, म्हणजे रंग कमी पिक्सेलांत साठवणाऱ्या पद्धतीत, शूट केलेल्या एचडी क्लिपमध्ये रंगाची माहिती फक्त ९६० गुणिले ५४० इतकी असते, म्हणजे फोरके फ्रेमच्या १६ पिक्सेलमागे एक. जे भरायचं ते आजूबाजूचं बघून भरलं जाणार, आणि आजूबाजूला नॉइज, कॉम्प्रेशनचे चौकोन किंवा लॉगचा धुरकटपणा असेल तर तोच तपशील समजून भरला जाणार.

लॉग क्लिप थेट एआय अपस्केलला देणं हे इथलं सगळ्यांत नेहमीचं कारण. बहुतेक मॉडेलं साध्या, रेक ७०९ (एचडी टीव्हीचं रंगाचं मानक) सारख्या दिसणाऱ्या चित्रांवर तयार झालेली असतात. सोनीच्या एस-लॉग ३ मध्ये १८ टक्के राखाडी ४१ टक्क्यांवर बसतो, काळा रंगसुद्धा तळापासून वर उचललेला असतो. अशा चित्रात भुवईची कड आणि नॉइजचा ठिपका यांच्यातला फरक फार थोडा राहतो. सॉफ्टवेअर दोन्ही पुसतं किंवा दोन्ही धारदार करतं. मग तुम्ही कॉन्ट्रास्ट चढवता आणि ती चूक कैक पटींनी मोठी होऊन समोर येते.

उलट टोकाची चूकही तेवढीच सरसकट होते. पूर्ण ग्रेड, एलयूटी, शार्पन, वरून ग्रेन, असं सगळं करून ८ बिट एच.२६४ फाइल काढायची आणि तीच अपस्केलला द्यायची. कॉन्ट्रास्टने सावलीतला नॉइज वर आलेला असतो, शार्पनने कडांना पांढरी किनार आलेली असते, ग्रेनचे दाणे दुप्पट होतात किंवा पुसले जाऊन त्यांचे किड्यांसारखे धागे दिसू लागतात. नंदुरबारकडच्या काठी गावच्या राजवाडी होळीसारखं रात्रभराचं, कमी उजेडातलं, आयएसओ चढवून घेतलेलं फुटेज असेल तर हा प्रकार हमखास घडतो.

म्हणून मधला रस्ता. क्लिप लॉगमधून रेक ७०९ मध्ये आणा, पण ताणू नका. कातडीचा रंग ढोबळमानाने बरोबर, काळा रंग शून्याच्या थोडा वर, वरचा भाग म्हणजे पांढरा फेटा, मांडवाचे एलईडी, दुपारचं आकाश कुठेही न कापलेलं. चित्र जरा फिकं वाटलं तर वाटू द्या. त्यावर हलकं नॉइज रिडक्शन, मग १० बिट इंटरमीजिएट (मधल्या टप्प्याची फाइल), मग अपस्केल, आणि खरी ग्रेड त्या अपस्केल झालेल्या फाइलवर. इंटरमीजिएट प्रोरेस ४२२ एचक्यू ठेवा, विंडोजवर डीएनएक्सएचआर एचक्यूएक्स. एचक्यू आणि एचक्यूएक्स यांत फसू नका. डीएनएक्सएचआर एचक्यू ८ बिटच आहे.

मोठ्या सिनेमा कॅमेऱ्याचं स्वच्छ १० किंवा १२ बिट लॉग फुटेज असेल तर इतकी यातायात नको. ते साध्या रिसाइझ फिल्टरने मोठं केलं तरी चालतं आणि लॉगची सगळी रेंज ग्रेडला हाताशी राहते. माझं मत विचाराल तर लग्नाच्या आणि गाण्याच्या कामात निम्म्याहून अधिक वेळा एआय लागतच नाही.

नॉइज रिडक्शन दोनदा होतंय का?

ही जागा बारकाईने तपासा, कारण इथे रिझॉल्व्ह वापरणारे जुने लोकही अडकतात. क्लिप ॲट्रिब्यूट्समधलं सुपर स्केल सगळ्या नोडच्या आधी लागतं. तुम्ही पहिल्या नोडला नॉइज रिडक्शन लावलंय म्हणजे ते "पहिलं" झालं असं वाटतं, पण तोवर क्लिप नॉइजसकट मोठी झालेली असते. मोठा झालेला, पसरलेला नॉइज काढायला मग जास्त ताकद लागते आणि त्या ताकदीत कातडीचा पोत जातो. त्यात सुपर स्केलच्या स्वतःच्या नॉइज रिडक्शनचा पर्यायही चालू असेल तर दोनदा धुलाई. टोपाझसारखं वेगळं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याच्यातही नॉइज, ब्लर, कॉम्प्रेशन यांचे स्लायडर असतात. रिझॉल्व्हमध्ये नॉइज काढून झाला असेल तर तिथला स्लायडर शून्याजवळ आणा.

आधी नॉइज काढून मग मोठं करायचं तर खात्रीचा उपाय असा: १०८० च्या वेगळ्या टाइमलाइनवर नॉइज रिडक्शन आणि रंगाची दुरुस्ती करून क्लिप रेंडर करा, ती परत मीडिया पूलमध्ये आणा आणि तिला सुपर स्केल लावा. सुपर स्केल आणि रिझॉल्व्हचं नॉइज रिडक्शन दोन्ही स्टुडिओ आवृत्तीतच मिळतात. फुकटची आवृत्ती असेल तर प्रोजेक्ट सेटिंगमध्ये इमेज स्केलिंगचा रिसाइझ फिल्टर बदलून बघा. चेहऱ्यांना "स्मूदर" बरा, इमारती आणि पाट्यांना "शार्पर". वाटतं त्यापेक्षा पुष्कळ काम एवढ्यावर भागतं.

फोरके टाइमलाइनमध्ये थोड्याच क्लिप एचडी

अहिराणी गाण्यांच्या कामात हेच सगळ्यांत जास्त येतं. मुख्य शूट फोरकेत, ड्रोन फोरकेत, पण नाचाचे स्लो मोशनचे शॉट एचडी. सोनी झेडव्ही-ई१० सारख्या कॅमेऱ्यात फोरके ३० फ्रेमपर्यंतच मिळतं; १०० किंवा १२० फ्रेम हवे असतील तर फुल एचडीवर उतरावं लागतं. परिणामी ठेका धरला की शॉट मऊ पडतो आणि क्लोजअपला कट मारला की एकदम टोकदार होतो. बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण खटकतं.

अशा वेळी त्या क्लिप आवडीच्या ग्रेडिंगच्या आधीच मोठ्या करा. कारण शॉट मॅचिंग फक्त रंगाचं नसतं. नॉइजचा दाणा केवढा, कडा किती टोकदार, कातडीचा पोत किती, हेही जुळवावं लागतं आणि ते डोळ्यासमोर असल्याशिवाय जुळत नाही. आधी ग्रेड जुळवून नंतर काही क्लिप बदलल्या तर जुळवलेलं सगळं पुन्हा उसवतं. क्वालिफायरचंही (एक रंग निवडून मास्क करणारं साधन) तेच. हळदीच्या पिवळ्यावर किंवा शालूच्या लालवर की (रंगाची निवड) घेताना एचडी ४:२:० क्लिपच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या येतात. नीट मोठ्या केलेल्या क्लिपवर त्या कडा मवाळ होतात. माहिती वाढलेली नसते, पण मास्क कमी टोचतो. हळदीत मात्र एक मर्यादा लक्षात ठेवा: भर उन्हात पिवळा इतका गडद येतो की निळा चॅनल तळाला टेकलेला असतो. गालावरच्या हळदीत जो पोत कॅमेऱ्यानेच टिपला नाही, तो कुठलंही अपस्केल परत आणत नाही.

हे करायचं ते एडिट लॉक झाल्यावर आणि फक्त वापरलेल्या तुकड्यांवर, दोन्ही बाजूंना थोडे जादा फ्रेम ठेवून. सगळे रशेस (शूटचं कच्चं फुटेज) मोठे करायचा मोह आवरा. प्रोरेस ४२२ एचक्यूमध्ये २५ फ्रेमचं फुल एचडी तासाला साधारण ८३ जीबी घेतं, यूएचडी ३३२ जीबी. दोन दिवसांच्या लग्नाचे सगळे रशेस असे फुगवले तर हार्ड डिस्कच्या दुकानदाराचं भलं होईल.

स्लो मोशन एचडीचा आणखी एक ताप आहे. जास्त फ्रेमला बरेच कॅमेरे सेन्सरच्या ओळी गाळून वाचतात, त्यामुळे मूळ क्लिपमध्येच कडांना करवतीसारखे दात आणि बारीक वेलबुट्टीवर मॉयरे (खोट्या लाटांची नक्षी) असतो. अपस्केल ते दात आणखी घासून धारदार करतं. जरीचा लुकलुकाट इथूनच येतो. अशा क्लिपला मोठं करायच्या आधी किंचित ब्लर द्यावा लागतो. ऐकायला उलटं वाटतं, पण करून बघा. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात उधळलेल्या धुळीचे शॉट मात्र एआयला देऊच नका. धूळ म्हणजे कमी कॉन्ट्रास्टचा, दर फ्रेमला बदलणारा पोत. मॉडेल एकतर ती झाडून टाकतं किंवा तिचे गोळे करतं. साधा रिसाइझ, वरून ग्रेन, झालं.

सगळंच एचडी, फक्त यूट्यूबला फोरके द्यायचंय

इथे अपस्केल शेवटी. १०८० वरच पूर्ण ग्रेड करा, मशीन हलकं चालेल, गिऱ्हाइकाने सांगितलेले बदलही पटापट होतील. ग्रेन आणि अखेरचं शार्पन बंद ठेवून १० बिट मास्टर काढा, तो मोठा करा, नंतर फोरके टाइमलाइनवर ग्रेन आणि गरज असेल तर शार्पन घाला. १०८० ला बसवलेलं शार्पन फोरकेत तसंच दिसेल अशी खात्री धरू नका, ते नव्याने बसवावं लागतं. टायटल आणि सबटायटलसुद्धा अपस्केलनंतरच टाका. एआय देवनागरीच्या वेलांट्या आणि अनुस्वारांची पार वाट लावतं, "खान्देश"चं भलतंच काही होऊन बसतं.

या सगळ्याचा फायदा काय, तर यूट्यूब मोठ्या रिझोल्यूशनच्या अपलोडला जास्त बिटरेट देतं. त्यांची अपलोडची शिफारससुद्धा २४ ते ३० फ्रेमच्या एसडीआर व्हिडिओसाठी १०८० ला ८ एमबीपीएस आणि २१६० ला ३५ ते ४५ एमबीपीएस अशी आहे. त्यामुळे साध्या रिसाइझने मोठी केलेली फाइलही तिथे एचडीपेक्षा स्वच्छ दिसते. पेनड्राइव्हवर द्यायचं असेल किंवा मंगल कार्यालयातल्या एलईडी वॉलवर लावायचं असेल तर हा खटाटोप करू नका. वॉलचे स्वतःचे पिक्सेल बऱ्याचदा फुल एचडीएवढेही नसतात.

जुनी टेप: रंग आधीच सरकतो

आईवडिलांच्या लग्नाची मिनी डीव्ही कॅसेट घेऊन लोक येतात आणि "फोरके करून द्या" म्हणतात. सोनी पीडी-१७० कॅमेऱ्याच्या जमान्यातलं ते फुटेज ७२० गुणिले ५७६, सेकंदाला ५० फील्ड (अर्ध्या फ्रेम), इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळींचं. यात क्रम कडक आहे: आधी डीइंटरलेस, मग रंगाचं मॅट्रिक्स, मग नॉइज, मग अपस्केल, मग ग्रेड. इंटरलेस तसंच ठेवून मोठं केलं तर कंगव्याच्या दातांसारख्या रेघा कायमच्या चित्रात मुरतात, नंतर कुठल्याही उपायाने निघत नाहीत. आणि फोरके नको, १०८० पुरे. एवढ्या कमी मालातून फोरके काढायला गेलं की नवरीचा चेहरा दुसऱ्याच कोणाचा तरी व्हायला लागतो, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ते पहिल्या नजरेत कळतं.

मॅट्रिक्सचा मुद्दा असा: एसडी व्हिडिओ रेक ६०१ ने बांधलेला असतो आणि एचडी रेक ७०९ ने. मोठं करताना हे रूपांतर राहून गेलं तर फाइल ७०९ समजून उघडते, लाल नारिंगीकडे झुकतो आणि हिरवा गडद होतो. कुंकू शेंदरासारखं दिसू लागलं की समजा. हे ग्रेडमध्ये हाताने दुरुस्त करत बसू नका, मुळात रूपांतर करून घ्या.

एचडी क्लिपमध्येही नोड बंद असताना फरक दिसला तर बहुधा लेव्हलचा घोळ असतो. व्हिडिओ लेव्हल १० बिटमध्ये ६४ ते ९४० चालते, ८ बिटमध्ये १६ ते २३५. व्हिडिओ लेव्हलची फाइल फुल समजून उघडली की चित्र धुतल्यासारखं, काळा राखाडी. उलट झालं की सावल्या बुडतात. वरच्या क्लिपचा कंपोझिट मोड "डिफरन्स" करा. सगळा फ्रेम जवळपास काळा आणि फक्त कडा हलक्या दिसल्या तर लेव्हल ठीक. सपाट राखाडी थर दिसला तर क्लिप ॲट्रिब्यूट्समध्ये डेटा लेव्हल बदलून बघा. हे झाल्याशिवाय ग्रेडला हात लावू नका.

मे महिना आणि वीज

एआय अपस्केल ग्राफिक कार्डाला तासन्‌तास पूर्ण ताकदीने राबवतं. लग्नसराई एप्रिल-मेची, भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ पर्यंत जाणारा, आणि बंद खोलीत लॅपटॉप. तापलं की कार्ड आपोआप वेग कमी करतं, रेंडर अर्ध्या वाटेत रेंगाळतो. रात्री लावा. वीज जाण्याची भीती असेल तर एका मोठ्या फाइलऐवजी १६ बिट टिफ सीक्वेन्स काढा, वीज आली की शेवटच्या फ्रेमपासून पुढे चालू करता येतं. जागा भरपूर लागते, म्हणून हेही मोजक्या शॉटसाठीच.

क्लिप बदलल्यावर ग्रेड हलली तर

ग्रेड आधीच झालेली असेल आणि आता मधेच अपस्केल क्लिप बसवायची असेल तर मूळ क्लिपच्या नोडचा स्टिल ग्रॅब करून ठेवा. प्रोजेक्टचं इनपुट स्केलिंग "सगळं चित्र फ्रेममध्ये बसवा" या पर्यायावर असेल तर नवी मोठी क्लिप त्याच मापात बसते. "मधलं कापा, माप बदलू नका" यावर असेल तर शॉट एकदम झूम झालेला दिसेल आणि पॉवर विंडो (चित्राचा ठरावीक भाग धरणारे मास्क) चेहऱ्यावरून सरकून खांद्यावर जातील. ट्रॅक केलेल्या विंडो नव्या क्लिपवर पुन्हा ट्रॅक केलेल्या बऱ्या, विशेषतः स्लो मोशनला.

टाइमकोडही तपासा. बरीच अपस्केल सॉफ्टवेअर मूळ टाइमकोड न घेता शून्यापासून नवा लावतात, त्यामुळे रीलिंक केल्यावर क्लिप आपली वाटते पण भलत्याच फ्रेमवर सुरू होते. मोबाइलवर घेतलेले शॉट असतील तर त्यांचा फ्रेमरेट बदलता असतो. ते मोठं करायच्या आधी ठरावीक २५ फ्रेमला आणा, नाहीतर टाळ्या आणि डफ पुढे-मागे होतात आणि तुम्ही तासभर ऑडिओ सरकवत बसता. आणि नव्या फाइलच्या नावाला मूळ क्लिपचं नाव तसंच ठेवून शेवटी "_अप" जोडा. "फायनल फोरके नवीन २" असल्या नावाच्या फाइली पुढच्या सीझनला तुमच्या तुम्हालाच उघडून बघाव्या लागतात.